डॉक्टर पीलची चौदा मुलं

फुजैरा, ६ ऑक्टोबर २०००, शुक्रवार

ही डायरी मराठीत लिहायची ठरवलीय. कारण एकच, माझा भाऊ वेद. त्याला मराठी बोललेलं कळतं, वाचता शून्य. मागची इंग्लिश डायरी त्याने स्कूलबसमध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती. आता वाच म्हणावं. माझं मराठी आईने सुट्ट्यांमध्ये शिकवलेलं, त्यामुळे चुका असतील. असू देत.

तर बातमी अशी की आजपासून एक अख्खी काउंटी माझी आहे! लोवेट काउंटी, मिसूरी, यू.एस.ए.

इंटरनेटवर अमेरिकेच्या लोकल हिस्ट्रीचा एक प्रोजेक्ट आहे. प्रत्येक काउंटीचं एक पान असतं आणि कुणीतरी व्हॉलंटियर ते फुकट सांभाळतं. जुन्या शाळा, चर्च, स्मशानं, कोण कुठून आलं, कोणाचं कोण. ज्या काउंट्यांना कुणी वाली नाही त्यांची वेगळी यादी असते. त्यात तीन उरल्या होत्या. एकीचं नाव मला उच्चारता येईना, दुसरीत बर्फ फार पडतो, म्हणून लोवेट. फॉर्ममध्ये तू राहतेस कुठे हे विचारलंच नव्हतं. मी पण सांगितलं नाही.

मला हिस्ट्री करायची होती. पप्पांनी बी.कॉम.ला घातलं, ते पण पोस्टाने. आणि इथे यू.ए.ई.त, फुजैरात, हिस्ट्री आहे कुठे? एक किल्ला, बाकी सगळं माझ्यापेक्षा लहान.

जेवताना सांगितलं. पप्पा म्हणाले, "काउंटी म्हणजे काय गं?"

"आपला तालुका असतो ना, तसं."

"अमेरिकेतला तालुका! अरे वा. आणि आपला तालुका कुठला?"

"वेंगुर्ला."

"त्यातली पाच गावं सांग बघू."

मी म्हटलं, "वेंगुर्ला." आणि खलास, पुढे काही आठवेना. वेद म्हणाला, "वन डाउन, ताई. फोर टू गो." आई हसून हसून ताटातलं सांडायला लागली.

१९ ऑक्टोबर

लोवेटहून पहिला मेल! काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीच्या प्रेसिडेंट, मिसेस विल्मा पील हॉकिन्स. म्हणजे वडिलांचं नाव पील. वय अडुसष्ट. सोसायटी कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात आहे म्हणे आणि पावसात तिथे पाणी येतं. त्या जुन्या शाळांच्या हजेरीपटांच्या फोटोकॉपी पाठवणार आहेत, पत्ता मागितलाय. मी पी.ओ. बॉक्स नंबर दिला. त्यांनी विचारलं, तो झाला पोस्टाचा पत्ता, घराचा पत्ता काय? आता त्यांना काय सांगू, आमच्याकडे घराचा पत्ता म्हणजे "लुलू बेकरीच्या मागे, मशिदीसमोर, निळं गेट". शेवटी सांगितलं मी कुठे आहे ते. त्यांना राग नाही आला. विचारलं, तिकडे उकडतं का?

पानावरच्या गेस्टबुकात पण एक जण आला. मिस्टर हॉलिस अ‍ॅम्ब्रोज ग्रीर. वय एकोणऐंशी, शेतकरी, आता रिटायर. दर मंगळवारी लायब्ररीत येऊन कॉम्प्युटर शिकतात. लिहिलंय, तुमच्या पानावर ब्रश क्रीकची शाळा दिसली नाही, मी तिथे जायचो, स्टोव्हजवळची जागा मोठ्या पोरांची असायची. किती गोड! मी तीच ओळ पानावर टाकली.

घरात मात्र भांडण. पप्पांचा शिप चँडलरचा धंदा, बाहेर समुद्रात उभ्या जहाजांना भाजी, तांदूळ, मटण पोचवायचं. ऑर्डरी फॅक्सवर येतात, फॅक्स घरच्या लाइनवर, आणि त्याच लाइनवर माझं इंटरनेट. काल एका जहाजाचा फॅक्स तासभर लागला नाही. पप्पा ओरडले, "तुझ्या त्या तालुक्यापायी एकवीस माणसं उपाशी मरतील समुद्रात!" फोनचं बिल पण त्यांनी आईला वाचून दाखवलं. दोनशे चाळीस दिरहम, म्हणजे तीन हजार रुपये. रुपयात केलं की सगळंच भयानक वाटतं.

४ नोव्हेंबर

आज दोन गोष्टी एकत्र झाल्या आणि माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली.

सकाळी पप्पांबरोबर टायपिंग सेंटरला गेले, व्हिसा रिन्यूअल. तिथला माणूस फॉर्म भरत होता. पर्णिका अनिल तिरोडकर. वेद अनिल तिरोडकर. शेजारी एक लोकल माणूस, त्याचं नाव, मग बिन, मग बापाचं नाव. मागे एक गुजराती काका, त्यांचं पण तसंच. अरबी असो, आपण असो, जगात सगळीकडे सिस्टीम एकच: तुझं नाव, बापाचं नाव, घराण्याचं नाव.

घरी आले तर मिसेस हॉकिन्सचं पार्सल! १९०५ ते १९३० चे हजेरीपट. एका कॉलममध्ये मुलाचं पूर्ण नाव, दुसऱ्यात "पालक किंवा गार्डियन". आता बघ:

क्लॅरेन्स अ‍ॅम्ब्रोज टटल. गार्डियन: जेकब टटल.

का? बापाचं नाव अ‍ॅम्ब्रोज असताना पालक जेकब का? पुढचा मुलगा होमर एझ्रा वुड, पालक सायमन वुड. पुढचा, पुढचा, सगळे तसेच! आख्ख्या ब्रश क्रीक शाळेत बापाचं नाव लावणारी मुलं चार.

म्हणजे बाकीची दत्तक. नाहीतर कॉलमला "गार्डियन" नाव कशाला दिलं असतं?

आणि मुली तर अजूनच इंटरेस्टिंग. मेरी एलिझाबेथ, रूथ एलेनॉर. त्या आईचं नाव लावायच्या! १९०५ मध्ये! मिसूरीच्या खेड्यात! हे आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझं मधलं नाव वासंती केलं असतं तर व्हिसावाल्याने परत पाठवलं असतं."

१७ नोव्हेंबर

लेख लिहून झाला. "लोवेट काउंटी: मोठ्या मनाची माणसं". गरीब शेतकरी, पण जवळजवळ प्रत्येक घरात दुसऱ्याचं मूल वाढवलेलं, आणि त्या मुलाचं खऱ्या बापाचं नाव न पुसता! अशी जागा जगात दुसरी नसेल. लिहिताना मला खरंच रडू आलं.

मिसेस हॉकिन्सने लेख वाचून कळवलं, "हे फारच इंटरेस्टिंग आहे." फारच! पुढे लिहिलंय की जूनमध्ये काउंटीला दीडशे वर्षं होतायत, मोठा सोहळा आहे, आणि इतक्या लांबून कुणी त्यांच्या काउंटीवर एवढी मेहनत घेतेय तर सोसायटी मला पाहुणी म्हणून बोलवेल. व्हिसासाठी इन्व्हिटेशन लेटर देतील!

पप्पा म्हणाले, "व्हिसा मिळाला तर जा." मग आईला हळूच, "मिळायचा नाही." मी ऐकलं.

८ डिसेंबर, शुक्रवार

रमझान चालू आहे, पप्पा लवकर घरी, दुपारभर झोपतात, लाइन माझी.

मी सगळे अ‍ॅम्ब्रोज एकत्र काढले. चौदा मुलगे, चौदा वेगवेगळ्या घरांतले, मधलं नाव अ‍ॅम्ब्रोज. मग अ‍ॅम्ब्रोज हा माणूस कोण ते शोधलं. १९०० च्या जनगणनेत, १९१० च्या, १९२० च्या, पूर्ण काउंटीत एकच मोठा माणूस त्या नावाचा. डॉक्टर अ‍ॅम्ब्रोज पील! गावोगाव फिरणारे डॉक्टर, १९३१ मध्ये वारले.

विचार कर. स्वतःची चौदा मुलं या माणसाने, ज्यांना मूल नव्हतं किंवा शेतावर हात कमी होते अशा घरांना देऊन टाकली. केवढा त्याग! मिस्टर हॉलिस ग्रीर, माझे मंगळवारवाले, त्यांच्यातले शेवटून दुसरे. म्हणजे मी प्रत्यक्ष डॉक्टरांच्या मुलाशी मेलवर बोलतेय. हिस्ट्री अशी जिवंत असते.

आईला सांगितलं. ती भजी तळत होती, इफ्तारला मुश्ताकभाईंकडे द्यायला. मुश्ताकभाई म्हणजे पप्पांच्या पिकअपचे ड्रायव्हर.

"चौदा?" आई म्हणाली.

"चौदा."

"आणि सगळी वेगवेगळ्या घरांत?"

"हो ना, दत्तक दिली."

"अगं, मग त्यांच्या आया कोण?"

"त्यांची बायको. कोण असणार?"

आईने माझी यादी बघितली. "यातली ही दोघं एकाच महिन्यात जन्मलीत."

"जुळी असतील. एकेका घराला एकेक वाटून दिलं."

आईने झारा खाली ठेवला. "पर्णिका, तो डॉक्टर दर घरी जायचा ना? आणि हे तू इंटरनेटवर टाकणार? त्याची नातवंडं असतील गं तिथे."

आई पण ना, तिला प्रत्येक गोष्टीत घाण दिसते. मुश्ताकभाई दारात उभे होते, त्यांना विचारलं, "चौदा बच्चे दूसरों को दे दिए, बडी बात है ना?" ते म्हणाले, "बेटा, किसको दिए ये छोडो. लिए किससे, वो पूछो." इथे मला कुणीच समजून घेत नाही.

१५ डिसेंबर

अपलोड केलं! "डॉक्टर अ‍ॅम्ब्रोज पील: लोवेट काउंटीचे खरेखुरे पिता." चौदा जणांची चौदा पानं, प्रत्येकावर "वडील: डॉ. अ‍ॅम्ब्रोज पील".

२४ डिसेंबर

पान किती जणांनी बघितलं त्याचा काउंटर चाळीसवरून सहाशेवर गेलाय! तिथल्या साप्ताहिकात माझ्या पानाचा पत्ता छापून आला. गेस्टबुक भरलंय. एका बाईने लिहिलंय, "माझे सासरे जॉन अ‍ॅम्ब्रोज यांचं नाक डॉक्टरांसारखं नाही, पण आता नीट बघते." एकाने लिहिलंय की चर्चमध्ये रविवारी दुसरा विषयच नव्हता. आणखी एकीने "ब्लेस युअर हार्ट" लिहून मला आणि माझ्या हृदयाला देवाचा आशीर्वाद दिलाय. तिघींनी दिलाय. इतकी प्रेमळ माणसं मी बघितली नाहीत.

मिसेस हॉकिन्सचं मात्र काही आलं नाही. ख्रिसमसमध्ये बिझी असतील.

वेद म्हणाला, "दे आर लाफिंग अ‍ॅट यू, ताई." जळतोय.

३ जानेवारी २००१, बुधवार

मिस्टर ग्रीर यांचा मेल. एरवी ते विहिरी, पूर, शाळा असं लिहितात. आज एवढंच:

"मिस तिरोडकर, तुम्ही मला डॉक्टर पीलचा मुलगा लिहिलंय. तुम्हाला कोणता कागद मिळाला? कृपा करून मला सांगा. मला एकट्यालाच सांगितलंत तरी चालेल."

काय नम्र माणूस! मी लगेच लिहिलं की कागद असा वेगळा नाही, तुमचं नाव हाच कागद. मधलं नाव वडिलांचं असतं, तुमचं अ‍ॅम्ब्रोज, आणि काउंटीत मोठा अ‍ॅम्ब्रोज एकच. क्यू.ई.डी.

१० जानेवारी, बुधवार

मिस्टर ग्रीर यांनी मोठा मेल लिहिलाय. लायब्ररीत एक तासच मिळतो, पूर्ण तास याच्यातच गेला असणार. आपल्या शब्दांत लिहून ठेवते.

त्यांना वाढवलं वॉल्टर ग्रीर यांनी. त्यांनी हॉलिसला कधी नावाने हाक मारली नाही. "त्याला सांगा गाय सोडायला", "त्याला सांगा जेवायला ये", असं आईमार्फत. डॉक्टर दर रविवारी दुपारी यायचे. घरात कुणी आजारी नसलं तरी. वॉल्टर तेव्हा शेतावर निघून जायचे. डॉक्टर हॉलिसचे दात बघायचे, दंड चाचपायचे, पाढे विचारायचे आणि जायचे. कधी थांबून पाणी पण प्यायले नाहीत. डॉक्टर वारले तेव्हा हॉलिस दहा वर्षांचे. आईला अंत्यविधीला जायला मिळालं नाही. ते एकटे पाच मैल चालत गेले आणि चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी विचारलं नाही तू कोण.

शेवटी लिहिलंय, "मी आईला कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. आणि सत्तर वर्षांनी अरबस्तानातल्या एका मुलीने ते सरळ छापून टाकलं."

केवढं मटेरियल आहे यात! रविवारी पण घरोघरी जाऊन मुलांचे दात तपासणं, फुकट, १९२० च्या काळात! मी "ग्रामीण आरोग्यसेवा" असं नवं पान सुरू करतेय.

२० जानेवारी

मेले मी.

मिसेस हॉकिन्सचा मेल आलाय, प्रोजेक्टच्या कमिटीला कॉपी. सरळ लिहिते.

अमेरिकेत मधलं नाव वडिलांचं नसतं. कुणाचंही असतं. आजोबांचं, मामाचं, पाद्र्याचं, नुसतंच आवडलं म्हणून. कोणी दत्तक नव्हतं. जेकब टटल हा क्लॅरेन्सचा बापच होता. "पालक किंवा गार्डियन" हा फक्त कॉलम होता. आणि डॉक्टर पील हे मिसेस हॉकिन्सचे आजोबा. पील त्यांचं माहेरचं आडनाव!

त्यांनी लिहिलंय, "माझे आजोबा बर्फातून, पुरातून जाऊन बाळंतपणं करायचे. तेरा बायकांची बाळंतपणं अडली होती, आई आणि मूल दोन्ही हाती लागली. म्हणून त्या तेरा बायकांनी मुलांना त्यांचं नाव दिलं. त्या तेरा घरांतली माणसं आता हसून मोकळी झालीयेत, मीही हसले. ती पानं या आठवड्यात सावकाश दुरुस्त करा. मिस्टर ग्रीरचं मात्र आजच्या आज काढा. इन्व्हिटेशन लेटरचं आपण नंतर बघू."

मिस्टर ग्रीरचं आधी का? अल्फाबेटने ते पाचवे येतात. आणि बाईंनी दोनदा तेरा लिहिलंय. मी परत मोजले. चौदाच आहेत. एवढ्या रागात माणसाचं मोजणं चुकतंच.

पप्पांना सांगितलं तर ते खुर्चीवरून पडायचे बाकी होते. "अगं, मला विचारायचंस तरी! मी रोज जहाजांच्या क्रू लिस्ट बघतो. गोऱ्यांचं मधलं नाव म्हणजे काहीही असतं. उद्या घोड्याचं पण असेल." आई म्हणाली, "म्हणजे ते डॉक्टर बिचारे चांगले होते तर. मी दीड महिना मनातल्या मनात शिव्या घालतेय त्यांना." वेद पूर्ण घरात मला पर्णिका घोडा तिरोडकर म्हणत फिरतोय.

२१ जानेवारी

जेवले नाही. आईने दहीभात दारात ठेवला. मग जेवले.

२३ जानेवारी

हिस्टोरियनने चूक मान्य केली पाहिजे, आणि ज्याला त्रास झाला त्याला स्वतःहून सांगितलं पाहिजे. चौदाही घरांना माफीचा मेल करतेय. मिस्टर ग्रीर यांना सगळ्यात आधी, कारण ते माझे पहिले वाचक. जरा चिअरफुल लिहिलं म्हणजे त्यांना बरं वाटेल:

"आनंदाची बातमी! माझी पद्धत पूर्णपणे चुकीची होती. डॉक्टर पील यांचा तुमच्याशी काही संबंध नाही. त्यांनी तुमचा जन्म सुखरूप पार पाडला म्हणून आईने आभार मानायला त्यांचं नाव दिलं. तुमचे वडील वॉल्टर ग्रीर हेच आहेत. तुमचं पान या आठवड्यात दुरुस्त होईल."

३१ जानेवारी, बुधवार

तेरा जणांची उत्तरं आली, सगळे छान बोलले. एकाने तर लिहिलंय की महिनाभर डॉक्टरचा मुलगा असल्याचा फायदा होत होता, हेअरकटिंगवाला आधी घ्यायचा.

मिस्टर ग्रीर यांचं आज आलं. लहान आहे.

"मिस तिरोडकर, माफीची काही गरज नाही. पण एक दुरुस्ती. मी जन्मलो तेव्हा बर्फाचं वादळ होतं आणि नदी ओलांडता येत नव्हती. डॉक्टर येऊ शकले नाहीत. आईचं बाळंतपण मावशीने, एफीने, केलं. तेव्हा आईला डॉक्टरचे आभार मानायचं काही कारण नव्हतं. मी ऐंशीचा होईन. मी दर मंगळवारी लायब्ररीत जातो आणि ते पान उघडून बघतो. ते तिथे राहिलं तर बरं वाटेल. बाकी तुमची मर्जी."

हे मी आईला वाचून दाखवलं, मावशीवाला पॉइंट सांगायला. कारण बघ ना, वादळात सगळं काम एफीने केलं आणि नाव मिळालं कोणाला? जो आलाच नाही त्याला! बायकांचं कॉन्ट्रिब्यूशन कायम असंच पुसलं जातं.

आई निवडत होती मेथी. तिने हात थांबवले. म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"ती ओळ काढू नकोस," आई म्हणाली.

"अगं पण पद्धतच चुकीची होती. प्रूफ नाही. आणि मिसेस हॉकिन्स म्हणतात हीच आधी काढ."

"त्या म्हणणारच."

"का?"

"काढू नकोस म्हटलं ना. आणि त्या म्हाताऱ्या माणसाला चांगलं दोन ओळी लिही. आनंदाची बातमी म्हणे! कोणी शिकवलं तुला असं लिहायला?" आणि मेथी घेऊन उठून गेली.

आई इमोशनल आहे, पण मला काही नियम आहेत. मी प्रोजेक्टचं पूर्ण मॅन्युअल काढून बघितलं. त्यात स्पष्ट लिहिलंय: माणूस हयात असेल आणि स्वतःबद्दल स्वतः माहिती देत असेल, तर तो प्रायमरी सोर्स. कागद नसला तरी चालतो. आणि मिस्टर ग्रीर म्हणतायत की ओळ राहू दे. म्हणजे माझी पद्धत चुकीची असली तरी त्यांची नाही. बस. नियम म्हणजे नियम. तेरा पानं दुरुस्त केली. त्यांच्या पानावर "वडील: डॉ. अ‍ॅम्ब्रोज पील" तसंच ठेवलं आणि खाली घातलं, "माहिती: मिस्टर हॉलिस ग्रीर स्वतः, ईमेलने."

मिस्टर ग्रीर यांना कळवलं की पान तिथेच आहे, आणि मावशी एफीचं नाव पण घालू का? उत्तर रात्रीच आलं, मंगळवार नसताना पण ते लायब्ररीत आले होते: "घाला. तिला आवडलं असतं. थँक यू, मिस." एवढंच. लायब्ररीत तास बाकी असताना एवढंच.

२ फेब्रुवारी

मिसेस हॉकिन्सनी लिहिलं, ती एक ओळ काढली तर झालं गेलं सगळं विसरू. लेटर टाइप करून तयार आहे, सही बाकी आहे.

मी दोन तास स्क्रीनसमोर बसले. ओळ सिलेक्ट केली. डिलीटवर बोट पण ठेवलं. जूनमध्ये मिसूरी! ब्रश क्रीकची शाळा, कोर्टाचं तळघर, सगळं डोळ्यांनी! एका ओळीसाठी!

मग वाटलं, मंगळवारी ते येतील, कॉम्प्युटर चालू करतील, पान उघडतील. आणि तिथे काहीच नसेल. प्रायमरी सोर्सला असं वागवणं प्रोफेशनल नाही.

बोट उचललं. बाईंना नियमाचा नंबर लिहून पाठवला.

१० फेब्रुवारी

काउंटी गेली. कमिटीचं पत्र, "स्थानिक व्यक्ती उपलब्ध झाल्यामुळे" लोवेट काउंटीचं पान आता मिसेस विल्मा पील हॉकिन्स सांभाळतील. माझ्या उत्साहाबद्दल आभार. जूनच्या आमंत्रणाचं अर्थात कुणी नावही काढलं नाही.

रात्री पप्पा मला समुद्रकाठी, कॉर्निशला घेऊन गेले, शवर्मा खायला. समुद्रात जहाजांचे दिवे लागले होते. म्हणाले, "यल्ला, तालुका गेला तर गेला. तुला दुसरा देतो. आपल्या वेंगुर्ल्याचं पान कुणी केलंय का बघ." मी म्हटलं, "पप्पा, तिथे काय हिस्ट्री असणार?" ते शवर्म्याचा कागद चुरगळून गाडीकडे चालायला लागले.

३० मार्च, शुक्रवार

आज इतक्या दिवसांनी लोवेटचं पान उघडलं. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नुसतं बघायला काय जातं.

खाली मिसेस हॉकिन्सचं नाव. माझं नाव कुठेच नाही. मोठ्या मनाच्या माणसांचा लेख गेला, काउंटीचे पिता गेले, ग्रामीण आरोग्यसेवा गेली. निळा बॅकग्राउंड काढून क्रीम केलाय, जो खरं सांगायचं तर बरा दिसतो. सगळं साफ, नीट, बोरिंग.

शेवटी मिस्टर ग्रीर यांचं पान उघडलं. एवढे मेल, एवढं भांडण, ते तर पहिल्या दिवशीच उडवलं असणार.

आहे! "वडील: डॉ. अ‍ॅम्ब्रोज पील." मावशी एफी पण आहे, आणि वादळ पण. मला वाटलं चुकून राहिलं. पण नाही, बाईंचा हात लागलाय तिथे, कारण सगळ्यात खालची ओळ बदललीय. माझं होतं, "मिस्टर हॉलिस ग्रीर स्वतः, ईमेलने." आता तिथे लिहिलंय:

"माहिती: पील कुटुंबाकडून."

एवढंच. कुटुंबातलं कोण, कधी सांगितलं, कशावरून, काही नाही. तारीख नाही. माझी प्रॉपर ओळ काढून असली ढोबळ ओळ! स्वतः सोसायटीच्या प्रेसिडेंट, आणि सोर्स कसा लिहायचा हे माहीत नाही. मी मेल टाइप करायला घेतला होता, की हे असं चालत नाही. तेवढ्यात पप्पा बाहेरून ओरडले, लाइन सोड, फॅक्स यायचाय.